दोराला दिलेला जबाब

जनू, तुझा दोर मी माझ्या घरी आणलाय.

तुझ्या मंदाने परवा कपाट उघडलं आणि मला म्हणाली, "ताई, भावाची आठवण म्हणून काय हवं ते न्या." कोणी घड्याळ पुढे केलं, कोणी तुझा निळा शर्ट. मी दाराआड खिळ्याला टांगलेल्या दोराकडे बोट दाखवलं. मंदा बघतच राहिली. तिला वाटलं असेल, हिला कपडे वाळत घालायला हवा असेल. मी तो खिळ्यावरून उतरवला. दोर पिशवीत भरला आणि पनवेलला घेऊन आले. आता तो गॅलरीच्या गजाला बांधलाय. जवळ गेलं की अजून मामाच्या विहिरीचा वास येतो, शेवाळाचा.

हे मी रेवतीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. तुझी मुलगी वह्या अर्ध्या भरून टाकून देते, तुला माहीतच आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे एक ओळ लिहिली की हात थांबतो. पण बोलण्यापेक्षा हे बरं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तुझ्यासमोर फुटायचा.

आज बारावा दिवस. उद्या तेरावा, तुझ्या घरी सगळे जमतील. त्याआधी तुला एक सांगायचं आहे. त्या दुपारी दवाखान्यात तू माझा हात दाबलास. एकदाच. मी उलट दाबला नाही. बारा दिवस साड्यांना फॉल लावतेय, भाकऱ्या थापतेय, आल्यागेल्याला चहा देतेय, पण मनात दुसरं काही नाही. हात दाबला, आणि मी उलट दाबला नाही.

दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणेल, त्यात एवढं काय? त्यात काय ते तुला ठाऊक आहे.

उरणच्या बाजूला जेट्टीचे खांब पाण्याखालून तपासायचं तुझं काम. कंबरेला दोर, आणि वर तो दोर धरून बसलेला एक माणूस. तिथलं पाणी इतकं गढूळ की हात लांब केला तर आपलीच बोटं दिसत नाहीत, असं तू सांगायचास. म्हणून वरचा आणि खालचा दोरानेच बोलतात. एक झटका म्हणजे मी बरा आहे. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे ओढ मला वर. आणि खालून झटका आला की वरच्याने तसाच उलट द्यायचा. त्याला तुम्ही जबाब म्हणायचा. जबाब आला नाही, तर खालच्याने समजायचं की वर कोणी नाही.

"बाय, पान्यात गेल्यावर मानसाला पान्याची भीती नाय वाटत," तू म्हणाला होतास. "वर कोनी नाय, याची वाटते."

ते ऐकलं तेव्हा मी तुझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला होता. दुसरं काय करणार?

कॅमेऱ्याचा नाद तुला कामावरूनच लागला. खांबांना गेलेल्या भेगांचे फोटो साहेबांना लागायचे. आधी कामाचा कॅमेरा, मग कोणाकडून तरी घेतलेला तुझा स्वतःचा, आणि त्याच्यावर पाणी न शिरणारी जाड पेटी. समुद्रात तर काही दिसत नाही, मग फोटो काढायचे कुठे? तेव्हा तुला आपटा गावातली मामाची विहीर आठवली. दिवाळीनंतर होळीपर्यंत तिचं पाणी काचेसारखं असतं. आणि आत आसरा आहेत.

आईने आपल्याला किती वेळा सांगितलंय. ती लहान असताना एका वर्षी विहीर आटली. वाटीने पाणी भरायला ती आत उतरली, तेव्हा खालच्या भिंतीत तिने त्यांना पाहिलं. एका दगडात कोरलेल्या सात बाया, साती आसरा, पाण्यातल्या देवी, आणि कडेला त्यांचा भाऊ, राखणीला उभा. त्यानंतर विहीर कधी आटली नाही आणि त्या कोणाला दिसल्या नाहीत. आई गेल्यावर तू म्हणालास, तिनं बघितलं ते आपन बघायचं. आणि नुसतं बघायचं नाही, फोटो काढायचा.

पहिल्या वेळी तू कामावरच्या एका माणसाला घेऊन गेला होतास. तो कठड्यावर बसून मोबाईल बघत राहिला. तू तीन झटके दिलेस तेव्हा तो फोनवर कोणाशी तरी हसत होता. परत आलास तो सरळ माझ्या घरी.

"दोर धरनारा मानूस बोलका नको," तू म्हणालास. "बोलका मानूस दोर विसरतो. बाय, रविवारी तू चल."

"मी? मना काय येतंय त्यातलं?"

"तुना गप बसता येतं. तेच लागतं."

माझ्या लाजण्याचा जगात कोणाला उपयोग झाला असेल तर तो तुला. बाकी सगळे म्हणायचे, हिला बोलतं करा. तू एकटाच म्हणालास, अशीच चल.

मामीचं तोंड आठवतं का? आपण पहिल्या रविवारी वाडीत पोचलो तेव्हा ती अंगणात वाल सोलत होती. तुझी ती रबरी कपड्यांची आणि नळकांड्याची तयारी बघून म्हणाली, "आरं जनू, आसरांचा फोटू काढतोस, त्यांना इचारलंस काय?"

"तू इचार ना, मामी. तुझी रोजची वलख."

"इचारीन. पन साडी नीट करून बसा म्हनून नाय सांगनार."

मग तिने मला हळद-कुंकू, नारळ आणि हिरव्या बांगड्या दिल्या. मी कठड्यावर सगळं ठेवलं आणि तू पायऱ्या उतरायला लागलास. तू म्हणालास, "घाबरू नको मामी, आसरांबरोबर त्यांचा भाऊ पन हाय." मामी म्हणाली, "तो दगडाचा हाय, त्याला दम लागत नाय. तुना लागतो. लवकर वर ये." तू पाण्यात गेलास तरी मी हसत होते.

तुला काय हवं होतं ते समजायला मला वेळ लागला. नुसत्या आसरांचा फोटो तुला नको होता. पाण्याखालच्या दगडी टप्प्यावर तिवई ठेवायची आणि कॅमेरा असा धरायचा की खाली काळोखात आसरा दिसतील आणि वर विहिरीचं गोल तोंड, त्यात आभाळ, आणि काठावर दोर धरलेली मी. सात बाया खाली आणि आठवी वर. पण खाली मिट्ट अंधार आणि वर डोळे दिपवणारं ऊन. दोन्ही एका फोटोत येत नाही.

"उन्हातनं घरात आलीस की काय दिसतं?" तू मला विचारलंस. मी तेव्हा मशीनवर बसले होते.

"काय नाय. काला."

"मग?"

"मग हलूहलू भांडी दिसायला लागतात."

"आनि तिथनं परत दाराकडं बघितलंस तर?"

"नुसता पांढरा."

"डोला दोन्ही बघतो, पन एकाच्या मागनं एक. कॅमेऱ्याला एकदम बघायला लागतं, आनि ते त्याला जमत नाय. मग तीन फोटो काढायचे. जागा तीच, काय पन हलवायचं नाय. एक कालपट काढायचा, त्यात आभाल नीट येतं. एक मधला, भिंतीसाठी. एक भरपूर उजेड घेऊन, खालच्या अंधारासाठी. मग कॉम्प्युटरवर तिघांतलं चांगलं चांगलं घ्यायचं नि एक करायचा."

त्याला तू एचडीआर म्हणायचास. मी मनात 'तिघांचा एक' म्हणायचे. मी म्हटलं, हे तर मी रोज करते. साडीला फॉलचा दोरा जुळवताना रीळ आधी दारात उन्हात धरून बघते, मग खिडकीपाशी, मग आत ट्यूबलाइटखाली. तिन्हीकडे जुळला तरच मशीनला लावायचा.

तू एकदम उठून उभा राहिलास. "ह्ये तुना कोनी शिकवलं?"

"बायकांनी. घरी नेल्यावर रंग येगला दिसला की साडी आनून तोंडावर टाकतात."

किती हसलास. पुढे कामावरच्या लोकांनासुद्धा सांगत होतास म्हणे, माझी बाय चौथी शिकलीय आणि तिला एचडीआर कळतं. मंदाने मला सांगितलं. मी लाजून विषय बदलला. पण दोन दिवस मशीन चालवताना ते आठवून हसू यायचं.

बॅटरी का लावत नाहीस, असंही मी विचारलं होतं. पाण्यात बारीक कण असतात, बॅटरी मारली की ते सगळे चमकतात, कोणीतरी अक्षता उधळल्यासारखे, असं तू सांगितलंस. म्हणून विहिरीत येईल तेवढाच उजेड घ्यायचा. दुपारी ऊन सरळ आत पडतं तेवढ्या वेळात. आणि लाल नेसायचं नाही, पाण्याखालून लाल रंग काळा पडतो. पिवळं नेस. माझ्याकडे पिवळी एकच साडी, रेवतीच्या बारशाची. तीच तिन्ही रविवारी नेसले.

पण मला फोटोत यायचंच नव्हतं, जनू. माझ्या लग्नाच्या अल्बमातसुद्धा निम्म्या फोटोंत माझी मान खाली आहे, बाकीच्या निम्म्यांत मी कोणाच्या तरी मागे. तू म्हणालास, पान्याखालनं तुना कोन वलखतंय? मी म्हटलं, तू वलखशील ना.

आणि मग आपलं ते भांडण.

फोटो काढताना तुला श्वास धरावा लागायचा. तू श्वास सोडलास की बुडबुडे वर येतात, पाणी मोडतं, आणि वरची मी खालून तुकडे तुकडे दिसते. म्हणून ठरलं होतं की तू तयार झालास की एक हलका झटका देशील. मग श्वास धरशील, बुडबुडे थांबतील, पाणी सपाट होईल, आणि मी अजिबात हलायचं नाही.

पहिल्या रविवारी झटका आला. मी लगेच उलट झटका दिला. तू वर आलास तो तोंडातली नळी काढून ओरडतच.

"जबाब का दिलास? मी हललो, सगला गाल उठला, पानी गढूल झालं!"

"तूच सांगितलंयस, झटका आला का जबाब द्यायचा."

"कामाच्या झटक्याला! फोटोच्या नाय! फोटोचा झटका म्हंजे हलू नको."

"दोन्ही झटके एकच. मना कसा कलनार कुठला कुठला?"

"फोटोच्या झटक्यानंतर बुडबुडे थांबतात, त्यावरनं."

"बुडबुडे थांबले तर मी झटका देनारच!"

मामी पदर तोंडाला लावून हसत होती. "बरोबर बोलते ती. आयुष्यात पयल्यांदा बोलली नि बरोबर बोलली."

मी म्हटलं, फोटोसाठी चार झटके ठेव. तू म्हणालास, चार झटक्यांत मी टप्प्यावरून सरकतो, तिवई हलते, आणि तीन फोटो केसभर जरी सरकले तरी एकमेकांवर बसत नाहीत. एकच हवा, तोही हलका. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच झालं. मी मनाशी घट्ट ठरवून आले होते. पण बुडबुडे थांबले आणि माझा हात मला न विचारता हलला. पनवेलला येईपर्यंत गाडीवर आपण दोघं एक अक्षर बोललो नाही. उतरताना तू म्हणालास, "बाय, मी खाली जिता हाय, एवढा भरोसा ठेव ना." मी म्हटलं, "आनि वर मी हाय, एवढा तुना कसा कलेल?" ते भांडण तिथेच राहिलं. त्याचा निकाल कधी लागला नाही.

तिसऱ्या रविवारी तू मला आसरांची शपथ घ्यायला लावलीस. बांगड्यांवर हात ठेवून मी म्हटलं, नाही देणार जबाब.

झटका आला. बुडबुडे थांबले. पाणी असं सपाट झालं की मला त्यात माझं तोंड दिसायला लागलं. मी आकडे मोजत राहिले. सतरापर्यंत मोजलं तेव्हा बुडबुडे आले. तू वर आलास, तोंडभर हसत. "जमला! बाय, दगडासारखी उभी व्हतीस." मला रडू येत होतं, पण मीही हसले. मग तू म्हणालास, अजून एकदा काढतो, जपून ठेवायला.

दुसऱ्यांदा झटका आला. बुडबुडे थांबले. सतरा झाले, वीस झाले. उन्हावर एक पातळ ढग आला होता. त्यामुळे तू शेवटी काढायचास तो मधला फोटो लांबला असणार, पण ते मला कुठे माहीत? पंचवीस झाले. जनू, मी दोर ओढला नाही. सुईत दोरा ओवताना बोटं जेवढी हलतात तेवढीच हलवली. नुसतं, मी आहे, एवढं. लगेच बुडबुडे आले. तू वर आलास आणि कठड्याला धरून विचारलंस, "हललीस?"

मी म्हटलं, "नाय."

शपथ घेऊन खोटं बोलले. तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस. तोंडावरचं पाणी पुसलंस आणि मामीला म्हणालास, चहा टाक. मला वाटलं, तुला कळलं नाही. फोटो दाखवशील तेव्हा खरं सांगायचं, असं ठरवलं होतं.

ते राहिलं.

सगळ्यांना वाटायचं, तुला पाणी नेईल. आई शेवटपर्यंत प्रत्येक अमावास्येला तुझ्यासाठी नारळ सोडायची. आणि तू गेलास कोरड्या जमिनीवरून. बाजारात भाजी घेता घेता हातातली मेथीची जुडी तशीच धरून खाली बसलास. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून तुला दुसऱ्या खोलीत हलवलं, म्हणून सगळे एकदम आत आले. मंदाचे दोन्ही भाऊ, तुझ्या कामावरचे तिघं, नर्स. मी नेहमीसारखी मागे, दाराशी. मंदाने मला पुढे ढकललं. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. तू माझा हात हातात घेतलास आणि दाबलास. एकदा. हलकाच.

सगळे आपल्याकडे बघत होते. एवढ्या माणसांसमोर मला काही करता येईना, लाज वाटली. हे एक. आणि दुसरं, ते मी अजून कोणाला सांगितलं नाही. मला कळेना की हा कुठला झटका. कामाचा की फोटोचा? जबाब द्यायचा, की हलायचं नाही? तू एवढा ओरडला होतास ना. म्हणून मी विहिरीवर उभी राहिले तशी उभी राहिले, दगडासारखी. मग नर्स म्हणाली, चला, गर्दी करू नका. संध्याकाळी तू गेलास.

तू खाली होतास आणि वरून जबाब आला नाही. तुला काय वाटलं असेल, हे बारा दिवस मी स्वतःला विचारतेय.

काल दुपारी रेवती लॅपटॉप घेऊन आली. तेराव्याला मांडायला तुझा धड एक फोटो घरात नाही. आधारकार्डावरचा आहे, तो बघून तर तू स्वतःच हसायचास. रेवती म्हणाली, "आत्या, मी आईला सांगितलंय, बाबांचा फोटो नाही तर नाही. बाबांनी काढलेला शेवटचा फोटो मोठा करून ठेवू. विहिरीतला. पण तो अजून जोडायचाय. तू बस माझ्याजवळ, मला एकटीला नाही जमणार." तिचे डोळे सुजलेले होते. मी मशीनवर झाकण घातलं आणि तिच्या शेजारी बसले.

तिने आधी काळपट फोटो उघडला. सगळं काळं, आणि मधोमध गोल निळं आभाळ. त्या गोलाच्या कडेला वाकलेली पिवळ्या साडीतली एक बाई. मी पटकन तोंड फिरवायला गेले. मग थांबले. त्या बाईची मान खाली आहे, जनू. आयुष्यभर सगळ्या फोटोंत माझी मान खालीच आहे. पण या फोटोत ती लाजून खाली नाही. ती तुझ्याकडे बघतेय. मी तुझ्याकडे बघताना कशी दिसते, हे मला आजवर माहीत नव्हतं. ते फक्त तुलाच माहीत होतं.

मग रेवतीने उजेडाचा फोटो उघडला. त्यात वरचं आभाळ पांढरं फट्ट, मी त्यात पार विरघळून गेलेली. पण खाली आसरा आहेत. सातही आहेत. नाकं झिजलेली, पायांशी शेवाळ, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या. आणि कडेला एक बुटका दगड, त्यांचा भाऊ. आईने सांगितलं तसंच. मी हात जोडले. रेवतीनेही जोडले, लॅपटॉपला.

"आत्या, पण एक प्रॉब्लेम आहे," ती म्हणाली. "असे दोन सेट आहेत. पहिल्यात सगळं परफेक्ट आहे, काही हललेलं नाही. दुसऱ्यात मधल्या फोटोत दोर हललाय. तिघांचा एक केला की तुझा हात दोनदा दिसतो. याला घोस्ट म्हणतात. भूत."

मनात म्हटलं, सापडले.

"सॉफ्टवेअर असं हललेलं आपोआप काढून टाकतं," ती सांगत होती. "म्हणजे बाबांनी काही केलं नसतं तरी तो हात गेला असता. पण बाबांनी ते बंद करून ठेवलंय. मुद्दाम. आणि पहिला चांगला सेट त्यांनी उघडलेलासुद्धा नाही. ते या दुसऱ्यावरच काम करत होते. अर्धं झालंय. असं का केलं असेल?"

मी विचारलं, "नाव काय दिलंय त्याला?" कारण तू प्रत्येक फोटोला नाव द्यायचास.

रेवतीने पडद्याजवळ तोंड नेलं. मीही नेलं. मोठ्या अक्षरांत होतं, मलाही वाचता आलं.

'बायचा जबाब.'

म्हणजे तुला कळलं होतं. कठड्याला धरून तू माझ्याकडे बघितलंस तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोलले तेही कळलं. ओरडला नाहीस, चहा मागितलास. आणि मग घरी बसून हा फोटो निवडलास, मी दगडासारखी उभी राहिले तो नाही. ते आपलं भांडण तू असा एकट्याने, मला न सांगता, माझ्या बाजूने सोडवून ठेवलं होतंस. सांगायचंस तरी रे.

मी खूप रडले. रेवती घाबरली. मग मी तिला सगळं सांगितलं, दवाखान्यातलंसुद्धा. एवढं सलग मी कोणाशी कधी बोलले नव्हते. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "आत्या, बाबांना माहीत होतं तू वर आहेस."

असेल माहीत. पण मी तुला खोटं सांगणार नाही, एकदा सांगितलं तेवढं पुरे. त्या दिवशी हात दाबायला हवा होता. झटका कुठलाही असो. तुझा फोटो बघून ते माझं टोचणं गेलं नाही. उलट आता कळलं की तुला जबाब हवा असायचा, फोटो बिघडला तरी. पण एवढंही कळलं की शेवटचा जबाब राहिला, तरी त्याच्या आधीचे सगळे तुला पोचले होते. दोन्ही खरं आहे. एक ऊन आणि एक अंधार. तुझ्यासारखं दोन्ही एका जागी बसवणं मला जमत नाही, मी दाराकडून आत आणि आतून दाराकडे बघत बसलेय.

संध्याकाळी उजेड होता तोवर रेवतीने तुझं राहिलेलं काम पुरं केलं. मी सांगत होते, आसरांची बाजू जरा उजळ कर, भिंत एवढी हिरवी नसते, साडीचा पिवळा असा नाही, हळदीकडे झुकणारा आहे. ती म्हणाली, आत्या, तुला एवढं कसं दिसतं? मी म्हटलं, दोरे जुळवून. शेवटी तिने विचारलं, "हात तसाच ठेवू? तेराव्याला लोक विचारतील, या बाईला दोन हात का दिसतात एका बाजूला."

"विचारू देत."

"मी तर किचनमध्ये असेन. आई काही बोलायच्या स्थितीत नाही. कोण सांगणार त्यांना?"

"मी सांगेन," मी म्हटलं.

तिने हात तसाच ठेवून फोटो सेव्ह केला. मंदाचे भाऊ असतील, तुझ्या कामावरचे असतील, मामी तर पहिल्या रांगेत असेल. त्यांच्यासमोर मी उभी राहीन. आवाज अडखळेल, अडखळू देत. म्हणेन, खाली माझा भाऊ होता आणि मी त्याला जबाब देत होते.

एवढं लिहून झालं. दुपारचे तीन वाजलेत, गॅलरीत ऊन आहे. आताच उठून मी दोराचं मोकळं टोक हातात घेतलं आणि एक झटका दिला. नीट, ओढून, सुईत दोरा ओवल्यासारखा नाही. गज वाजला. हे आतून ओरडले, "काय गं, काय पडलं?"

"काय नाय," मी म्हटलं. "मी हाय."